पोकळ

तामित सकाळीच आली. पायांना नदीपलीकडचा चिखल.
"नावाड्यानं दोन कांदे घेतले," म्हणाली, बसली नाही.
केन्नाला खारात ठेवून अठरा दिवस झाले होते.
सत्तरातले उरले बावन्न,
तेवढ्यात चार बरण्या हव्यात.

मी फळीवरच्या दाखवल्या.
हा माणसाच्या तोंडाचा इम्सेती, काळीज राखतो.
हा कोल्हा, दुआमुतेफ, ह्याच्याकडे पोट.
ससाण्याचं नाव लांबलचक आहे, त्याच्याकडे आतडी.
आणि हा हापी, वानर, फुप्फुसांचा धनी.
माझ्या हातून तो दर वेळी जरा म्हातारा होतो.

तिनं ससाण्याचं डोकं धरून उचललं.
अख्खी बरणी उचलली गेली.
"चिकटलंय का?"
"एकच दगड आहे, बाई.
झाकणाची नुसती रेघ मारलीय."

मग सांगणं आलं.
आज्याच्या वेळी आतून कोरायचे.
आता ते मसाल्याचे लोक सगळं धुतात, सुकवतात,
तागात गुंडाळून ज्याचं त्याच्या पोटात परत ठेवतात.
बरण्या उरल्या रीत म्हणून.
चार देव पहाऱ्याला बसलेत
आणि दारामागे खोलीच नाही.
भरीव बरणी फुटत नाही, स्वस्त पडते,
उघडून बघायला कोण येतंय?

ती बराच वेळ दगडावर बोटानं टिचक्या मारत राहिली.
"ह्याच्या छातीचा शेवटी असाच आवाज यायचा," म्हणाली.
"बद्द.
एकवीस वर्षं डोंगर फोडला, दुसऱ्यांच्या निजायच्या खोल्या,
आणि स्वतः दीड वर्ष भिंतीला टेकून, बसून झोपला."

मी भाव सांगितला.

"तीन असू देत अशाच.
काळीज त्यानं जिवंतपणीही उघडून दाखवलं नाही.
पोट त्याचं भरलेलं मी कधी पाहिलं नाही.
आतडं तुटायचं ते माझं तुटलं, त्याला बरणी नको.
ह्या वानराची तेवढी पोकळ कर."

"ठेवणार काय तीत?"

"काही नाही.
जागा."

ठरलं एक पोतं जव.
दिलं अर्धं, आणि वर एक बदक, तेही लंगडं.

सहा दिवस लागले.
तांब्याची नळी, ओली वाळू, दोरीचं धनुष्य.
पोरगा इपी हसत होता, रिकाम्यासाठी एवढे कष्ट!
चुनखडी वरून लोणी, आत हट्टी;
हात विसरलेला असतो, मनगट शिव्या देतं.
चौथ्या दिवशी आवाज बदलला.
नळी ओढली आणि बरणीतून
हुंकारासारखं काहीतरी आलं.
इपी हसायचा थांबला.

पोटावर नेफ्थिसचे शब्द कोरले,
मी हात धरला आहे, ह्याच्यात जे आहे त्याच्यावर.
कोरताना अडलो.
जे आहे.
मग कोरलं तसंच. देवीला आपण कुठे दुरुस्त करणार?

शेवटी आतली भुकटी उडवायला
तोंड लावून फुंकर मारली.
सगळी परत माझ्याच नाकातोंडात.
खोकलो, थांबेचना,
डोळ्यांतून पाणी, गुडघ्यांवर बसून खोकलो,
अर्धा खोकला बरणीत गेला असणार.
धुवायला हवी होती ती.
पण तेवढ्यात तामित दारात उभी.

तिनं वानराचं डोकं काढलं,
बरणीला कान लावला.
मी म्हटलं, "रिकामीच आहे."
ती म्हणाली, "श्श."

झाकण लावून घेऊन गेली,
भरीव तीन गाढवावर, पोकळ एक कडेवर.

हिशेबात अर्धं पोतं अजून येणं आहे.
मागायला गेलो नाही.
बदक कापायचं राहूनच गेलं;
अंगणात लंगडत असतं,
आणि रात्री मला उबळ आली
की उठून ओरडतं.