सुट्टा शिलिंग

महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला आम्ही झोपत नाही.
न्गाँग रोडवर, टायरवाल्याच्या डोक्यावरचा तिसरा मजला,
पंखा एक, माणसं सहा
आणि चार हजार तीनशे बारा पगार,
जे पहाटे पाचच्या आत
फुलांच्या मळ्यांत, शाळांत, दोन इस्पितळांत,
बिस्किटांच्या एका कारखान्यात
लोकांच्या उशाशी पोचायला हवेत.
उशाशी, म्हणजे फोनमध्ये.

लोक म्हणतात, पगार झाला.
उशीर झाला, उजेड झाला, तसा.
कोणी केला हे कोणी विचारत नाही.
विचारायला लागले की समजावं, काहीतरी बिनसलंय.

यंत्रणा बांधताना चाचणीला एक माणूस हवा होता,
खोटा, पण नाव-गाव-नंबर असलेला.
कोणी आपल्या कुत्र्याचं नाव दिलं.
मी लिहिलं: अराप सामोए,
नांदी हिल्स, चहाचा कारखाना, पानं सुकवायचा विभाग.
पगार: एक शिलिंग.
नंबर बाबांचाच. मला पाठ असलेला तेवढाच.
त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

कारखान्यात पगार खिडकीतून मिळायचा.
तपकिरी पाकीट, शाईचा डबा, अंगठा.
रकमेच्या शेपटाला एक शिलिंग आला की
कारकून म्हणायचा, सुट्टे नाहीत, पुढच्या महिन्यात बघू.
बाबा चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढायचे.
आईने दोनदा भिंत सारवली.
दोन्ही वेळा त्यांनी सगळ्या रेघा पुन्हा काढल्या,
आठवून.

गेल्या महिन्यात नव्या बँकेला जोडून घेतलं
आणि मी एक ओळ बदलायला विसरले.
पहाटे ताळा लागेना.
एका शिलिंगाने.
मुथेऊ म्हणाली, दशांशाचा घोळ असणार,
आणि आम्ही दोन तास दशांश चिवडत बसलो.

सहा वाजून दहा मिनिटांनी
मदतकेंद्राच्या फोनवर निरोप आला
बाबांच्या नंबरवरून.

'सामोए कोण?
मी अग्रिपिना. पोर्ट व्हिक्टोरियाला ओमेना वाळत घालते.
हा पगार असेल तर बाकीचा कुठाय?'

बंद पडलेला नंबर कंपनी पुन्हा विकते,
हे मला ठाऊक होतं.
ते ठाऊक असणं काही उपयोगाचं नव्हतं.

मी जिन्यात जाऊन तिला फोन लावला.
मागे सरोवराचा वारा, कोणीतरी तराजूवरून भांडत होतं.
चूक झाली म्हटलं, चाचणी होती.
'मग परत पाठवू? पाठवायला शिलिंगाहून जास्त पडेल.'
दोघी हसलो.
मग ती म्हणाली,
'त्यांच्यासाठी फोन येतात अजून.
एक म्हातारा तर दर नाताळात, भेटायला येतो म्हणतो.
आधी मी राँग नंबर म्हणायचे.
आता सांगते, घरी नाहीत.'

अहवाल लिहिला.
कारण: निष्काळजीपणा. नुकसान: एक शिलिंग. वसुली: नाही.
मुथेऊने खाली सही केली
आणि म्हणाली, त्या माणसाला यादीतून काढ आता.

काढताना पडद्यावर प्रश्न येतो, मीच लिहिलेला.
सेवा संपण्याचं कारण:
राजीनामा, बडतर्फी, निवृत्ती, मृत्यू.
इतरांसाठी मी हे तीन वर्षं
खटाखट निवडत आले,
एका हातात चहाचा कप धरून.
त्याखाली दुसरा प्रश्न: काही देणं बाकी?
चौकट रिकामी ठेवली
तर यंत्रणा पुढे जाऊ देत नाही.
तो नियमही माझाच.

खाली टायरवाल्याने शटर वर केलंय.
मुथेऊ पर्स खांद्याला लावून दारात उभी,
विचारतेय,
झालं का?