अंतर देणे

तिसरा बोर्ड जळून आला तेव्हा
निल्दा तार्कीने तो आधी हुंगला,
मग खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला :
एका बाजूला उच्च दाबाचं पॅड,
समोर ग्राउंडच्या तांब्याचा कोपरा,
आणि मधल्या हिरव्या पट्टीवर
कुणी काडी ओढावी तशी काळी रेघ.

एक्स-रे मशीन एल आल्तोच्या दवाखान्यातलं.
बोर्डाचं ड्रॉइंग खाली सान्ता क्रूसचं,
जिथे हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसते
आणि रूदी हुस्तिनियानो पंख्याखाली
तांबं ओततो.
ओततो म्हणजे माउसने चौकोन काढतो फक्त,
तांबं आपलं आपण पसरतं, सडा घातल्यासारखं,
पॅडांना वळसा घालून, भोकांच्या कडेकडेने,
मोकळं दिसेल तिथे.
मोकळी जागा त्याला बघवत नाही.
"उष्णता निघून जाते, गोंगाट बसतो, परतीची वाट रुंद राहते,"
फोनवर म्हणाला. सगळं खरं.
"आणि आठ मिलिमीटर सोडलेत मी. तक्त्याप्रमाणे."
तेही खरं. तक्ता दोन हजार मीटर उंचीपर्यंतचा.
खालची बारीक टीप कुणी वाचली नव्हती.

मग त्याने फट कापली,
बोर्डाच्या पोटात लांबट खिडकी,
पृष्ठभागावरून सरपटत येणाऱ्याला खंदक.
चौथा बोर्ड संध्याकाळी लावला.
खट्.

ठिणगीला सरपटायचंच नव्हतं. तिने उडी मारली.
फटीत असते काय? हवा.
आणि चार हजार शंभर मीटरवर
तीच तर पुरत नाही.

पाणी इथे सत्त्याऐंशी अंशांनाच उकळतं,
उतावीळ, पोकळ उकळी.
तास उलटला तरी बटाट्याचा गाभा कच्चा.
वीजही तशीच. वाटेत अडवायला गर्दी नाही,
धक्के नाहीत,
सुटते ती थेट पलीकडे.

"रूदी, ऑगस्टमध्ये आला होतास,
दोन जिने चढून भिंतीला टेकलास, ओठ निळे,
आईने कोकाचा चहा पाजला.
तुझं ड्रॉइंगही इथे तसंच दमतंय."
बराच वेळ फोनमध्ये नुसता पंखा.
आठ गुणिले एक पूर्णांक एकोणतीस.
साडेदहा धरू, दोघांचं ठरलं.

आपल्यात अंतर देणं म्हणजे टाकून जाणं.
हात धरून, काकुळतीने म्हणतो आपण, अंतर देऊ नकोस.
निल्दाच्या आयमारात याला काय म्हणतात
मला माहीत नाही.
पण त्या रात्री सान्ता क्रूसमध्ये एक माणूस
तांब्याची कड धरून मागे ओढत होता,
पाव मिलिमीटर, आणखी पाव,
कोपरे गोल करत, कारण टोक दिसलं की वीज तिथेच जमते,
फटीच्या काठालगतच्या आतल्या थरांतूनसुद्धा, जिथे कुणाची नजर जात नाही.
तुटून पडलेली बेटंही त्याने पुसली.
कशालाच न जोडलेलं तांबं मध्येच उभं राहतं
आणि ठिणगीला पायरी देतं.

परतीचा प्रवाह आता लांबून येतो.
गोंगाट थोडा वाढला. तो तसाच राहिला.

पाचवा बोर्ड. दवाखान्यातले दिवे मालवले,
निळं काही चमकतंय का ते अंधारातच कळतं.
निल्दाने श्वास रोखला,
तिच्याकडेही तो बेताचाच.
ट्रान्सफॉर्मरची बारीक गुणगुण. ओझोनचा वास नाही.
आणखी एक मिनिट. नाही.

मग बाकावर ताटकळलेल्या दोन्या एउलोहियाचा
हात प्लेटवर ठेवला,
बाजारात किन्वाचं पोतं पडून सुजलेला.
पडद्यावर मनगट उमटलं :
आठ लहान हाडं, खडे मांडल्यासारखी,
आणि मधे काळ्या फटी.
"ही एक जरा जास्तच रुंद झालीय,"
तरुण डॉक्टर वाकून म्हणाला,
"बाकीच्या हव्यात तेवढ्या आहेत."

निल्दाने नकळत
खिशातली पट्टी चाचपली.