खेपांच्या कागदांची वही

सत्तारनं टेम्पो दारात लावला
तेव्हा वाटलं, वर्तमानपत्रं असतील.
निघाली खाणीच्या वजनकाट्यावरची बुकं,
चौदा पोती.
एका बाजूला छापील रकाने:
तारीख, ट्रक, खेप, भरलेलं वजन, रिकामं वजन.
दुसरी बाजू कोरी.
किलोला बारा म्हणाला. मी नऊ दिले.

डिचोलीत आता धूळ कमी झालीय,
कपडे बाहेर वाळत घालता येतात.
बरं झालं, म्हणतात लोक,
आणि मग जरा वेळ गप्प बसतात.
ह्या कागदांच्या कडा मात्र अजून तांबड्या.
एकेक गठ्ठा पायरीवर आपटला
तर अंगणात क्षणभर खाण सुरू होते.

शिवणं मला रुझारबाबनं शिकवलं,
अस्नोड्याच्या. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर
इगर्जीतल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या दुरुस्त करायचा,
मजुरी म्हणून मेणबत्त्यांची थुटकं मागून घ्यायचा,
दोऱ्यावर ओढायला.
"सूत ओडूं नाका," म्हणायचा, "बसूंक दी."
ओढलं की भोकापाशी कागद चिरतो.
सैल सोडलं की वर्षभरात
दात हललेल्या म्हाताऱ्यासारखी होते वही.
मधलं काय ते बोटाला कळतं.
माझ्या बोटाला कळेपर्यंत
रुझारबाबचे डोळे गेले होते;
तो कण्यावरून अंगठा फिरवून सांगायचा,
तिसरा टाका परत घाल.

छापील बाजू आत ठेवून मधोमध घडी.
घडी बाहेरच्या कडेला, मोकळी तोंडं कण्याकडे.
शिवून झालं की प्रत्येक पान
म्हणजे चिकटवलेला लिफाफा.
शिंगाच्या पट्टीनं घडी दाबताना
मी रकाने वाचत नाही.
तसं पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

खळ गव्हाच्या पिठाची, त्यात चिमूटभर मोरचूद,
नाहीतर झुरळं आठवड्यात कणा खातात.
पुठ्ठा काजूच्या खोक्यांचा.
वर ताडपत्री. घरचीच,
मागच्या पडवीत सात वर्षं गुंडाळून पडलेली.
ट्रक विकला तेव्हा
तेवढी द्यायची राहून गेली, असं सगुण म्हणाला.

अकराव्या पोत्यात
आमचा नंबर सापडला.
ठरवलेलं असलं तरी स्वतःचं नाव
डोळा आधी वाचतो, मग विचारतो.
तारीख शिरगावच्या जत्रेची.
त्या दिवशी मी अबोलीचा वळेसर माळून
संध्याकाळी सातपर्यंत ओट्यावर बसले होते,
आणि तो रात्री येऊन म्हणाला होता,
काट्यावर रांग होती गं, हलताच येईना.
कागदावर दोन खेपा.
दुसरी सकाळी नऊ चाळीसला.
पुढे सही, त्याचीच, घाईतली,
आणि मग रकाना रिकामा
खालपर्यंत.

कागद तसाच दुमडला.
पट्टी फिरवली, एकदा जास्तच.

पणजीच्या दुकानात एकेक वही
साडेतीनशेला जाते.
एका मुलीनं विचारलं, कडा रंगवता कशानं?
म्हटलं, त्या तशाच येतात.
ती वही मी दुकानात दिली नाही.
फळीवर ठेवली होती,
सगुणनंच उचलली, हिशेबाला.
आता तो कळंगुटला हॉटेलच्या फाटकावर,
रात्रपाळीला.
कुठली गाडी किती वाजता आत, किती वाजता बाहेर,
सगळं त्याला लिहावं लागतं.

काल सकाळी घरी येऊन
बल्बखाली आकडे जुळवत बसला होता.
एका पानाशी थांबला.
पान उभं धरलं, उजेडासमोर,
बराच वेळ.
मी आत खळ ढवळत होते.
गाठी होतात, हात थांबवून चालत नाही.

"काय गं," तो म्हणाला,
"ह्या कागदाला आतून काहीतरी आहे."

"असेल," म्हटलं. "रद्दीचा आहे."

पुन्हा लिहायला लागल्याचा आवाज आला,
पण लगेच नाही.