ओ

क्लाक्सविकच्या मासळी-लिलावघरात, बर्फाच्या खोलीमागे
सर्व्हरचं कपाट आहे.
बेर्गतोरा त्याच्या उबेवर आपले ओले हातमोजे वाळत घालते,
एकवीस वर्षं झाली.
कुठल्या बोटीने किती कॉड आणला, कुणी केवढ्याला उचलला,
सगळं त्या डेटाबेसच्या पोटात.
मला इथे लागून नऊच दिवस.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, पोर्ट म्हणजे काय?
मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. क्रेन, दोरखंड, समुद्रपक्षी.
हसली नाही.
म्हणाली, अर्धं बरोबर.
एकाच गावाला पासष्ट हजार धक्के आहेत असं समज
आणि त्यातल्या एकाच धक्क्यावर,
चोपनशे बत्तीस नंबरच्या,
कुणीतरी कंदील घेऊन बसलंय.
बाकी नुसतं पाणी.

लोकलहोस्ट कळायला अख्खी दुपार गेली.
नवा बसवलेला सर्व्हर फक्त स्वतःचंच ऐकतो,
बाहेरून घसा फोडलात तरी ढिम्म.
"निवृत्तीनंतर माझा बाप असाच झाला," ती म्हणाली,
"स्वयंपाकघरात, एकटाच, आणि तेही डॅनिशमध्ये."
मग फाइलीतली एक ओळ बदलली,
नेमका पत्ता लिहिला.
"आळसाने चार शून्यं लिहू नकोस.
चार शून्यं म्हणजे घराची सगळी दारं सताड.
वारा येतो. मागोमाग मेंढ्या."

शुक्रवारी वावूरहून होग्नीचा फोन,
लिलाव चारला, आणि त्यांचं जोडलं जात नाही.
मी ओरडून सांगितलं, चालत नाहीये!
"चालत नाही हा शब्द या खोलीत नाही.
काय म्हणतंय ते सांग.
रिफ्यूज्ड म्हणतंय, की टाइमआउट?"

मला वाटायचं, दोन्ही एकच. दार बंद ते बंद.

तिने चष्मा काढला.
"नकार आला तर देवाचे आभार मान.
नकार द्यायला पलीकडे कुणीतरी जागं लागतं.
यंत्र उभं आहे, तार शाबूत आहे,
त्या धक्क्यावर कंदील तेवढा नाही.
टाइमआउट म्हणजे हाक गेली ती गेलीच.
तार तुटली असेल.
फायरवॉलने गिळली असेल, ती नाहीसुद्धा म्हणत नाही.
यंत्र मेलं असेल.
तुला कळणार नाही. तू मोजत बसायचं.
इथे तीस सेकंद मोजतात."

हातमोजे उलटे केले, पुन्हा सुलटे.
"आम्ही अकरा दिवस मोजले होते. रेडिओपाशी."

कुठल्या बोटीसाठी, ते मी विचारलं नाही.
क्लाक्सविकमध्ये ते कुणी विचारत नाही.

टाइमआउटच होता.
वावूरला कुणीतरी सकाळी नवा राउटर लावला होता,
त्याच्या भिंतीत आमची वाट राहून गेली होती.
चार वाजून दहा मिनिटांनी पहिली हाक पोचली:
आहेस का?
आहे. तू आहेस का?
आहे.
एवढं झाल्याशिवाय माशाचा एक आकडाही हलत नाही.
मग हॅडॉकच्या चाळीस पेट्या एका दमात गेल्या,
होग्नीने फोनवर शिट्टी वाजवली.

आई हिर्टशाल्सला असते, पलीकडच्या किनाऱ्यावर.
फेब्रुवारीपासून फोन उचलत नाही.
रिंग होते, होते, होत राहते,
मग कंपनीतल्या बाईचा सपाट आवाज.
पत्त्यात चूक नाही, मी तीनदा पाहिलंय.
कधी वाटतं नंबर बदलला,
कधी वाटतं पडली असेल न्हाणीघरात.

त्या रात्री धक्क्यावरून पुन्हा लावला.
सवयीने मोजत होते.
सात. आठ.
खट्.
"माझं तुझ्याशी काही बोलणं नाही,"
आणि मागे टीव्ही, आणि भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज,
आणि बंद.

गार फोन हातात तसाच.
बर्फाच्या गाडीवाला थांबून म्हणाला, काय गं, वाईट बातमी?
नाही, म्हटलं मी.
ओ आली.