पाणपातळी

पौषात मुहूर्त नसतात. माझ्या स्टुडिओला कुलूप,
आणि मी पहाटे साडेपाचला वडूजहून येरळवाडीच्या रस्त्यावर,
पोटाशी स्वेटरात गुंडाळलेली लेन्स, कऱ्हाडहून भाड्यानं आणलेली,
दोन दिवसांच्या बोलीवर.

ज्वारीतून निघालेली पायवाट थेट पाण्यात जाते.
पूर्वी ती पलीकडच्या वस्तीवर जायची,
धरण झाल्यापासून मध्येच बुडते.
तिथं पाटकरी इलाही मुलाणी, कानाला मफलर,
खांबावरचा आकडा वहीत उतरवतो
आणि त्याच वहीत, समासात, पक्षी.
"काल एकशे बारा. आज अजून मोजू द्या."

समुद्र मी दोनदा पाहिलाय.
दोन्ही वेळा दुसऱ्याच्या लग्नात,
नवरानवरीच्या पाठीमागं, फोकसबाहेर.
आणि हे रोहित पक्षी त्याचंच पाणी पिऊन
सह्याद्री ओलांडून आलेले
या उन्हाच्या तालुक्यात,
चोच उलटी करून गाळ चाळत होते,
तळाशी कुणाची तरी मोरणी पडलीय अशा मन लावून.

काठाकाठानं चालत राहिलो.
टिटवीनं बोंब मारलीच. तुतवार शेपूट उडवत पुढं पुढं,
शेकाट्या आपल्याच लांब पायांना जपत.
चिखलात माझ्याआधी कुणाची नखं उमटलेली.
"कोल्हा," इलाही म्हणाला.
"तो थांबतो. निम्मी रात्र थांबतो."

मी थांबलो नाही.
सूर्य डाव्या खांद्यावर आला तसा गाळात उतरलो,
वाकून, चाळीस पावलं, मग अजून दहा.
इलाहीनं हाक दिली नाही.
हाकेनंही उडाले असते.

आधी एक मान वर झाली.
मग सगळ्या.
पाण्यावर धावत धावत ते उठले,
आणि उभ्या पक्ष्यात जे दिसत नाही,
पंखांच्या पोटातलं ते लाल, कडेचं ते काळं,
सगळं एकदम उघडलं,
माझं बोट बटणावरून निघेचना.

वर आलो तर वहीत आजचा आकडा: शून्य.
इलाही काही बोलला नाही.
थर्मासमधला चहा निम्मा मला दिला,
तेवढं मात्र घशात अडकलं.

तो फोटो आता स्टुडिओत, दारासमोरच, तीन फूट बाय दोन.
लोक विचारतात, हे आपल्या खटावातलं?
मी हो म्हणतो.
कुणाच्या लक्षात येत नाही, की सगळे पक्षी
एकाच माणसापासून लांब चाललेत,
आणि तो चौकटीबाहेर उभा आहे
मांडीपर्यंत चिखलात, खूश.

माघात निमसोडची एक जोडी आली,
लग्नाआधीचं शूटिंग ठरवायला.
प्रांजलनं काचेवर बोट ठेवलं,
"अगदी असं, आमच्या मागं. उडवता येतील ना?
फटाका लावू एखादा."
मी लेन्सची टोपी लावली, काढली, परत लावली.
"गेले ते," म्हणालो. "समुद्राकडं."
"मग ड्रोनवाला बघतो," मुलगा म्हणाला,
आणि ॲडव्हान्स खिशातच राहिला.

संध्याकाळी तसाच गेलो, हात हलवत.
पाणी उतरलं होतं. बुडालेल्या विहिरीचं कडं
बोटभर वर आलेलं.
"आमचीच," इलाही म्हणाला, "गोड होती."
आणि मग, वही मिटत,
"ते तिसऱ्याच दिवशी परत आले. तुम्हाला कळवायचं राहिलं."

राहिलं की ठेवलं, मी विचारलं नाही.
खांबापासून ते फारच लांब होते.
पक्षीसुद्धा वाटेनात,
ओल्या पाटीवर खडूची रेघ, मध्येच फिकी, मध्येच तुटकी.
"इथनंच बघायचं," तो म्हणाला.
मी मोजायला लागलो.
एकोणचाळीसला दोघांनी जागा बदलली आणि चुकलो.

"होतं असं," इलाही म्हणाला.
"परत पहिल्यापासनं घ्या."