वजावट

फेब्रुवारी सरत आला. हेडमास्तरांचा तगादा :
लेकीच्या फीची पावती जोडा, नाहीतर टॅक्स कापतील.
पावती समुद्रपूरला, तिच्या आईकडे.
मेसेज टाकला. तासाभरानं फोटो आला,
सोबत शब्द एकही नाही.

शिक्षण शुल्क सात हजार दोनशे.
बसचे पैसे धरत नाहीत.

आणि खालच्या कोपऱ्यात
पावती धरलेला छोटा आंगठा,
नख काळंनिळं, मुळाशी नवं फुटू लागलेलं.
म्हणजे महिना तरी झाला असेल.
दारात चेंगरला का?
कोणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नव्हतं.

स्टँडवरच्या झेरॉक्समध्ये भोजराजनं
स्क्रीनवर बोट ठेवलं :
"सर, हा आंगठा कापून टाकू काय?
पावती साफ येईन."

राहू दे, बाप्पा.

प्रिंट निघाली गरम गरम.
काळ्या-पांढऱ्यात नख
आणखीच काळं.