दहा मुलांची कुपी

गोवराची लस आमच्याकडे कुपीत येते, एका कुपीत दहा मुलं.
पाणी घालून विरघळवली की सहा तास हाताशी,
मग उरेल ती फेकायची.
तिला नासाडी म्हणतात.
नासाडीला तक्त्यात रकाना आहे, लाल.

मोंगूच्या कचेरीत माझ्या खुर्चीमागे आलेख लावलाय.
दोन वर्षं तो उतरतोय,
पूर ओसरला की लिआम्बाईचं पाणी
काठच्या वाळूला न सांगता मागे सरतं, तसा.

आम्ही काय करायचं ठेवलं?
भित्तिपत्रकं लावली, त्यांवर हसरं बाळ
(राजधानीतलं असावं, पायात मोजे होते).
परिचारकांना शिबिराला बोलावलं, कोंबडी आणि भत्त्यासकट.
सूर्यावर चालणारा नवा फ्रीज पाठवला.
गावोगाव कर्णा फिरवला: आयांनो, जाग्या व्हा!
जखम मांडीला, मलम शेंडीला.
आलेख उतरतच राहिला.

मग एका गुरुवारी मीच होडीत बसले,
सिमुलुम्बेला गेले, कुणाला न कळवता.

सिताली एकटाच होता दवाखान्यात. फ्रीज भरलेला.
आंब्याखाली तीन बाया, तीन मुलं.
त्यानं मोजली. पुन्हा मोजली,
जणू दुसऱ्या खेपेला दहा भरतील.
"थोडं थांबा," म्हणाला, "आणखी येतील."
सावली झाडाच्या या अंगाची त्या अंगाला गेली.
कुणी आलं नाही.
"पुढच्या गुरुवारी या."
म्वांगालानं पोर पाठीला बांधलं.
पहाटे निघाली होती ती, अर्धी वाट वल्हवत.
"पुढच्या गुरुवारी माझा कसावा वाळत असेल," एवढंच बोलली,
भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मी सितालीला विचारलं, कुपी का नाही फोडलीस?
त्यानं खणातून चार घड्यांचं पत्र काढलं.
'नासाडी दहा टक्क्यांवर गेल्यास लेखी खुलासा करावा.'
खाली सही. नामाकाऊ.
न, मग लांबलेली शेपटी. माझीच.

रात्री कंदिलाशी नोंदवहीच्या पाठकोऱ्या पानावर
मी बाण काढत बसले:
कुपी बंद, म्हणून आई माघारी,
माघारी गेलेली पुन्हा येत नाही,
ती शेजारणीलाही सांगते,
म्हणून आंब्याखाली तीनाच्या दोन,
म्हणून कुपी बंदच.
आळशी आई कुठे ठेवावी, मला जागाच सापडेना.
निष्काळजी सितालीलाही नाही.
सगळे शहाण्यासारखे वागत होते
आणि मुलं गळत होती.

परतताना वामुनिमा बांबू मागे रेटत होता
आणि होडी पुढे जात होती.
मी ते बघत राहिले, मोंगूच्या धक्क्यापर्यंत.

नवं पत्र दोन ओळींचं:
एक मूल आलं तरी कुपी फोडा.
खुलासा मी देईन.

नासाडी एक्केचाळीस टक्के. लाल रकाना आणखी लाल.
वरून फोन आला, मग आणखी वरून.
पहिला महिना, दुसरा, चौथा,
आलेख जागचा हलेना.
मी सांगत राहिले, बाणाला वेळ लागतो,
हा बाण होडीतून जातो, विहिरीवर थांबतो,
कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नात बोलला जातो.
सांगताना माझाच विश्वास हातभर खाली सरकायचा.

सहाव्या महिन्यात सिमुलुम्बेच्या आंब्याखाली चौदा.
दोन कुप्या.
सितालीनं आकड्याखाली दोनदा रेघ मारली होती.

चौदांत म्वांगाला नव्हती.
तिच्या पोराला गोवर आधीच येऊन गेला,
माझं नवं पत्र टपालात असताना.
पोर जगलं. डावा डोळा गेला.

त्याला तक्त्यात रकाना नाही.
मी पेन्सिलीनं समासात एक आखलाय,
दर महिन्याला वर पाठवते.
अजून कुणी विचारलेलं नाही, हे काय म्हणून.